यादीत नाव नाही

पिंपळगाव बसवंतच्या आमच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षाच्या प्रत्येक पेटीवर ती भरणाऱ्या बाईचं नाव छापतात. गेल्या हंगामात नावांचा इतका घोळ झाला की परदेशी निघालेला माल बंदरावर अडकला. म्हणून यंदा पावसाळाभर बसून मी नावं तपासणारा प्रोग्राम लिहिला. टाइप केलेलं नाव यादीतल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं तर पडदा हिरवा, नाहीतर लाल. पन्नासेक ओळींचं काम, पण याहून नेटकं माझ्या हातून काही झालेलं नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

"एक जरी चूक केली ना याने, तृप्ती, तर उद्यापासून आपली वहीच बरी," मालक धनराजभाऊ हंगामाच्या पहिल्या सकाळी म्हणाले.

"होणार नाही, भाऊ."

बायका रांगेनं नावं सांगत होत्या, मी टाइप करत होते. सत्तावीस नावं हिरवी. अठ्ठाविसावी बाई सुरगाण्याकडची, कपाळावर गोंदण. भागुबाई लहानू गावित, असं नाव तिनं सांगितलं. पडदा लाल झाला.

यादी उघडली. नाव होतं. पुन्हा टाइप केलं, लाल. यादीतलंच नाव उचलून जसंच्या तसं चिकटवलं, तरी लाल. शेडमध्ये शीतगृहाची गार हवा येत होती, पण माझ्या मानेला घाम फुटला.

"बिघडलं का गं?" भाऊंनी मागून विचारलं.

बाई खाली बघत म्हणाली, "नाय भाऊ, मशीनचं बरोबर हाय. भागुबाई माझी बहीण. तिला दिवस गेलेत, म्हणून तिच्या नावावर मी आले. मी चिमणाबाई."

मजुरांच्या टोळीत हे चालतंच. नाव तेच राहतं, माणूस बदलतं, मुकादमही विचारत नाही. मी चिमणाबाईचं नाव यादीत घातलं. पडदा हिरवा.

"माणूस ओळखतं की हे!" भाऊ खूश होऊन गेले.

मला केवढा अभिमान वाटला! माणूस ओळखणारी एकही ओळ मी लिहिली नव्हती, हे ठाऊक असूनही वाटला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या. अक्षरं जुळवण्यापलीकडे त्यात काहीच नव्हतं.

चार वाजता कंटेनर भरला. तो सोडायला शेवटी माझं नाव लागतं. यादीत ते पहिलंच आहे, मीच घातलेलं. टाइप केलं.

लाल.

पुन्हा केलं. लाल.

चिमणाबाई हात पुसत दारात उभी होती. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गुपचूप बाजूला सरकली.

"झालं का गं?" भाऊ बाहेरून ओरडले.

एक तर माझं काम चुकलं होतं, नाहीतर माझं नाव. आणि काम चुकलं नव्हतं.

मी शेडमागे जाऊन आईला फोन लावला. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं.

"आई, तृप्ती कोण गं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"तुला कोणी सांगितलं?" आईनं विचारलं.