शेतातली धावपट्टी

त्या दिवशी सकाळपासून मी जॅमच्या रिकाम्या बरण्या धूत होते. २००७ सालचं लक्ष्मीपूजन. माझी मुलगी मीनल नॉटिंगहॅमच्या बाहेर नव्या घरात राहायला गेली होती आणि तिथे रस्त्यावर औषधालाही दिवा नाही. पाहुण्यांनी गाड्या घरामागच्या शेतात लावायच्या, तर त्यांना दिसावं म्हणून फाटकापासून दोन रांगा दिवे लावू, असं ठरलं. वाऱ्याने विझू नयेत म्हणून बरण्या.

आता माझा स्वभाव असा, की करायचं तर नीट. ठिपक्यांची रांगोळी काढणारा हात हा, वाकडी रांग मला खपत नाही. दोरी ताणून, पावलं मोजून पन्नास बरण्या मांडल्या.

शेजारचे पॅडली कुंपणापाशी उभे राहून बघत होते. वय ऐंशीच्या पुढे, एरवी गप्पिष्ट.

"लावू नका ते," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात हे शेत म्हणजे खोटा विमानतळ होता. खरा पाच मैलांवर, आता जिथे मीनलची मैत्रीण वरदा राहते, ती घरांची वसाहत आहे. शत्रूची विमानं आली की तिथे काळोख करायचे आणि इथे दोन रांगा दिवे लावायचे, म्हणजे बॉम्ब इथे पडतील. दिवे लावायला हवाई दलाची दोन माणसं होती. एकदा दिवे लावले आणि ती परत आलीच नाहीत.

"तुम्ही कशाला लावता?" त्यांनी विचारलं.

"लक्ष्मीला घर सापडावं म्हणून."

"इथे दिवे लावले की कोण येतं ते मी पाहिलंय," म्हणाले आणि निघून गेले. साठी बुद्धी नाठी, मी मनात म्हटलं. माझीही एकसष्टी होऊन गेली होती, ते सोयीस्कर विसरले.

साडेपाचला पुरता अंधार होता. दिवे लागले. नात अन्वी, सात वर्षांची, नवा फ्रॉक सावरत रांगांमधून पळत सुटली. देखणं दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

मग आवाज आला. आधी वाटलं, पाहुण्यांची गाडी. पण तो वरून येत होता, आणि एकसारखा नव्हता. घुमायचा, मंदावायचा, पुन्हा घुमायचा. हवेत जळक्या तेलाचा वास पसरला. बरण्यांतल्या माझ्या मेणबत्त्यांना असला वास नव्हता.

"आजी..." अन्वी लांबून ओरडली, "किती मोठा विमान! त्याला लाइट्सच नाहीयेत..."

मी वर पाहिलं. चांदण्या होत्या, आणि मधल्या काही नव्हत्या. ती काळी जागा आमच्याकडे सरकत होती.

मी धावले. पोरीला बखोटीला धरून घराकडे ढकललं आणि बरण्या लाथेने उलथवायला लागले. मीनल बाहेर आली.

"आई, व्हॉट आर यू डूइंग? गेस्ट्स येतील आता!"

"विझव... आधी विझव."

माझा चेहरा बघून तिने विझवायला सुरुवात केली. शेवटचा दिवा गेला आणि तो आवाज आमच्यावरून पुढे निघून गेला. पोरगी वाचली. मी चिखलातच बसले.

मीनलचा मोबाइल वाजला. तिने स्पीकर लावला.

"सॉरी हं, लेट झालं," वरदा म्हणाली. "मुलांना शूज घालतेय, निघतोच." आणि तिच्या बोलण्यामागे मला ते ऐकू आलं. घुमायचं, मंदावायचं, पुन्हा घुमायचं...

"वरदा, हा आवाज कसला गं?"

"कुठला आवाज, काकू?"

हे मीच तिकडे पाठवलं होतं. माझी नात वाचवायला तिची मुलं पुढे केली होती.

"अन्वीला घेऊन गाडीत बस," मी मीनलला म्हटलं. "लांब जा. विचारू नकोस."

ती गेली. मी बरण्या उभ्या करून काड्या ओढायला लागले. सात दिवे लागले आणि काड्यापेटी संपली. सातांना कोण फसणार? मी रडले, मोठ्याने रडले.

तेव्हा समोरच्या रांगेत, पार टोकाला, एक दिवा लागला. मग त्याच्या शेजारचा. मग माझ्या रांगेतला. कुणी वाकून लावत यावं, तसे ते एकेक करत माझ्यापर्यंत आले. दोन्ही रांगा पेटल्या, आणि आवाज वळला.

मी पालथी पडले, कान गच्च दाबले. तो माझ्या डोक्यावर आला, खूप वेळ तिथेच राहिला... मग नव्हता. बॉम्ब पडला नाही. काहीच पडलं नाही.

सव्वासहाला वरदा, नवरा, दोन्ही मुलं, चकलीचा डबा, सगळे हसत फाटकातून आत आले. मी मुलांना इतकं घट्ट धरलं की धाकटा घाबरला. मग मीनलला फोन करून परत बोलावलं.

नंतर मी एकटी दिवे विझवायला गेले. वाकले, तर मागून आवाज आला, तरण्या माणसाचा, दमलेला, पण मायेचा.

"सेम टाइम टुमॉरो, लव्ह."

मागे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी काड्यापेटी घेऊन शेतात उभी होते. त्या खऱ्या विमानतळाच्या जागी वरदाची मुलं राहतात ना.