पलीकडचा काठ

आमझरीच्या अंगणवाडीत मुलांची उंची मोजायचं काम सकाळी आठला सुरू झालं आणि साडेनऊला भांडणावर आलं. पाच वर्षांच्या दोन मुली पाठीला पाठ लावून उभ्या होत्या आणि "मीच मोठी" म्हणत टाचा उचलत होत्या. सेविका रेमती पावरा हिने दोघींच्या टाचा खाली टेकवायला लावल्या, डोक्यावर पट्टी धरली आणि आकडे सांगितले.

"एकशे सहा. ही एकशे सात."

खिडकीपाशी बसलेल्या डॉ. ईशा बोंडे यांनी ते नोंदवले. बावीस वर्षांपूर्वी रेमती नोकरीला लागली तेव्हा या खोलीत पाच वर्षांचं मूल शंभर सेंटिमीटरच्या वर गेलं, तर आपलंच काहीतरी चुकलं म्हणून ती पुन्हा मोजायची.

सातपुड्याच्या या उतारांवर लोक मुख्यतः मका खातात. दमट हवेत कणसांवर एक हिरवट बुरशी धरते. ती झटकून टाकली तरी तिचं विष दाण्यात राहतं. भाजून जात नाही, दळून जात नाही. रोज थोडं थोडं पोटात गेलं तर मोठं माणूस आजारी दिसत नाही, पण पोटातल्या आणि अंगावर पिणाऱ्या बाळाची वाढ खुंटते. डॉ. बोंडे यांनी याच बुरशीचं एक बिनविषारी भावंड शोधून काढलं होतं. त्याला त्या मित्रबुरशी म्हणत. पुन्हा उगवू नयेत म्हणून भाजलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर ही बुरशी चढवायची आणि मक्याला तुरा येण्याआधी ते दाणे ओळींमधून फेकायचे. मित्रबुरशी आधी जागा धरते, मग विषारी बुरशीला बसायला जागाच उरत नाही.

सहा वर्षांपूर्वी नदीच्या अलीकडच्या चौदा गावांना हे दाणे मिळाले. पलीकडच्या चौदा गावांना मिळाले नाहीत, कारण तुलना करायला कोणीतरी हवं होतं. प्रयोग संपला की तुम्हालाही देऊ, असं तिथल्या ग्रामसभांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते मान्य केलं होतं.

दोन्ही काठांवरची मोजणी तिसऱ्या दिवशी संपली. दुपारी डॉ. बोंडे अंगणवाडीबाहेर मोहाच्या झाडाखाली बसल्या होत्या. रेमतीने त्यांच्यासमोर खिचडीची ताटली ठेवली. त्यांनी हात लावला नाही.

"काय झालं मॅडम? पोरं तर छान वाढलीत."

"दोन्हीकडची वाढलीत, रेमतीताई. इकडे सरासरी एकशे सहा, तिकडे एकशे चार."

"मग चांगलंच की."

"पोरांसाठी चांगलं. पण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच असेल, तर मित्रबुरशीमुळे काही झालं असं म्हणता येत नाही. या सहा वर्षांत नळाचं पाणी दोन्हीकडे आलं, मुलांना अंडी दोन्हीकडे मिळाली. प्रयोग तपासणारी समिती म्हणेल, ही सगळी त्याचीच करामत. पुढच्या चारशे गावांना दाणे द्यायचा कार्यक्रम रद्द होईल. इथलंही वाटप थांबेल."

रेमती आत गेली. मुलांना वाढताना तिच्या हातातला डाव दोनदा पातेल्यावर आपटला. मदतनीस बाईने विचारलं, बरं वाटत नाही का? रेमतीने पुढच्या मुलाला वाढलं. शेवटच्या मुलाचं जेवण झाल्यावर ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"मॅडम, पलीकडे दाणे गेलेत."

"कुठले दाणे?"

"तुमचे. मीच नेले. पहिल्याच वर्षी माझी बहीण जेमली पोटुशी होती. तिचं सासर पलीकडे. तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं, पोटातल्या पोराला आधी बाधतं म्हणून. मग मी काय करणार होते? पदरात बांधून नेले."

डॉ. बोंडे उठून उभ्या राहिल्या. "सही केली होती तुम्ही. दाणे गावाबाहेर जाऊ देणार नाही म्हणून."

"केली होती."

"सहा वर्षं काम केलंय मी यावर!"

"मलाही सहा वर्षं झोप नव्हती," रेमती म्हणाली. मग हळूच, "खोटं कशाला बोलू. जेमलीचा पोरगा धडधाकट झाला, तेव्हापासून छान झोप लागते."

डॉ. बोंडे यांना हसू येत नव्हतं, पण रागही टिकेना. तासाभरात दोघी होडीने पलीकडे पोचल्या. मित्रबुरशीत एक ओळखखूण ठेवलेली होती आणि हाताएवढ्या जनुकवाचकात चिमूटभर माती टाकली की ती दहा मिनिटांत सापडायची आणि त्याचा दिवा हिरवा व्हायचा. पण जिथे दाणे टाकलेच नाहीत तिथली माती तपासायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जेमलीच्या शेतात दिवा हिरवा झाला. शेजारच्या शेतातही झाला.

"तू कोणाला दिलेस?" रेमतीने बहिणीला विचारलं.

"नणंदेला. तिने तिच्या जावेला." जेमली जराही ओशाळली नव्हती. "मागायला आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, मॅडम? पोरं सगळ्यांनाच आहेत."

पुढचे चार दिवस डॉ. बोंडे मातीच्या पिशव्या घेऊन फिरल्या. पलीकडच्या चौदापैकी अकरा गावांत दिवा हिरवा झाला. उरलेले तीन पाडे मात्र थेट डोंगरमाथ्यावर होते. त्यांच्या सोयरिकी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला होत. तिथे दाणे पोचले नव्हते. डॉ. बोंडे यांनी त्या तीन पाड्यांचे आकडे वेगळे काढले. नळ होता, अंडी होती. सरासरी नव्व्याण्णव.

त्यांनी समितीला सगळं जसं घडलं तसं लिहून पाठवलं, रेमतीच्या पदरासकट. समितीने दोन दिवस कडक प्रश्न विचारले आणि तिसऱ्या दिवशी चारशे गावांचा कार्यक्रम मंजूर केला. रेमतीला एक ताकीदपत्र आलं. तिने ते वाचलं, नीट घडी घालून पेटीत ठेवलं आणि जेमलीला फोन लावून इतकी हसली की बोलताच येईना.

मक्याला तुरा यायला अजून आठवडा होता. दोघी दाण्यांची पोती घेऊन माथ्यावर गेल्या. सगळा पाडा जमला. पोरं पोत्यांवर चढून बसली. रायकी नावाच्या एका तरुण आईने कडेवरच्या मुलीला खाली ठेवलं, ओंजळभर दाणे घेतले, वास घेतला आणि दाणे कसे फेकायचे ते दोनदा विचारून घेतलं. डॉ. बोंडे यांनी तिला प्रयोगाचा निकाल समजावून सांगितला. तिने शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.

"म्हणजे आमची पोरं बुटकी राहिली, म्हणून तुमचं खरं ठरलं?"

"हो," डॉ. बोंडे म्हणाल्या.

रायकी चिडली नाही. तिने मान हलवली, ओटीत दाणे भरले आणि मक्याच्या पहिल्या ओळीत शिरली. दाणे पानांवर टपटपत खाली पडू लागले. दहा पावलांवर ती थांबली आणि वळून पाहू लागली.

"आता चारशे गावांना देणार म्हणता," तिने विचारलं. "त्यांतलं मोजायला कुठलं मागे ठेवणार?"