दसऱ्याची माळ आणि रुसलेला कॉम्प्युटर

सायकल धावतेय आणि तिच्यावरचा कॉम्प्युटर म्हणतोय, जागची हललीच नाही. खोटं कोण बोलतंय?

२०६१ सालचा दसरा नुकताच झाला होता. केतकीने चाक कितीही गरगर फिरवलं तरी पडद्यावर वेग शून्य! आणि उद्याच तर घाटाखालचा नवा सायकल-बोगदा उघडायचा होता. डोंगराच्या पोटात उपग्रहांचे संदेश पोचत नाहीत, तिथे आजकालची हुशार घड्याळं मुकी होतात. म्हणून अट होती: उपग्रहाविना वेग आणि अंतर सांगणारं यंत्र ज्याच्या सायकलला, त्यालाच आत प्रवेश. केतकीकडे तसं यंत्र हे एकच, आबांच्या तरुणपणातलं.

आबा म्हणजे तिचे आजोबा. अवकाशयानांचे मार्ग मोजण्यात त्यांची हयात गेलेली. ते चुटकीसरशी दुरुस्त करतील असं केतकीला वाटलं, पण आबा हाताची घडी घालून बसले. घरातला यंत्रमानव चिंगू मात्र लगेच पुढे सरसावला. बॅटरी बदला, असं त्याने ठासून सांगितलं. दुखणं कुठलंही असो, त्याचं औषध एकच. नवी बॅटरी बसली, पडदा लख्ख झाला. वेग शून्यच. केतकीला आता रडू यायचंच बाकी होतं.

“आधी सांग, त्याला वेग कळतो कसा?” आबांनी विचारलं.

ते तिला ठाऊकच नव्हतं. मग आबांनी समजावलं. चाक धरणाऱ्या चिमट्यावर एक संवेदक (बदल टिपणारा भाग) असतो. त्याच्या पोटात काचेची नळी आणि नळीत दोन बारीक लोखंडी पट्ट्या, एकमेकींना न टेकलेल्या. चाकाच्या स्पोकवर बसवलेला लोहचुंबक फिरत फिरत जवळ आला की पट्ट्या चिकटतात, क्षणभर वीज वाहते आणि कॉम्प्युटर एक फेरा मोजतो. एका फेऱ्यात सायकल चाकाच्या परिघाएवढी (गोल कडेच्या लांबीएवढी) पुढे जाते. परीघ दोन मीटर धरला तर शंभर फेऱ्यांत दोनशे मीटर. अंतराला वेळेने भागलं की झाला वेग. कॉम्प्युटर बिचारा रस्ता बघतच नाही, तो नुसते फेरे मोजतो.

केतकीचे डोळे लकाकले. तिने फ्रिजच्या दारावरचं चुंबकाचं फुलपाखरू आणलं आणि संवेदकासमोर भराभर पुढेमागे केलं. शून्य उडालं, आकडे नाचू लागले! म्हणजे संवेदक धडधाकट, तारही धडधाकट. मग चाकावरचा चुंबक कुठे गेला?

ती खाली वाकली आणि तिने कपाळावर हात मारला. चुंबक स्पोकवरच होता, पण पार चाकाच्या मधोमध सरकलेला, संवेदकापासून वीतभर दूर. दसऱ्याला सायकल धुऊन, हळदकुंकू वाहून तिने चाकात झेंडूची माळ ओवली होती. माळ नीट बसावी म्हणून मध्ये येणारं ते ‘काळं बटण’ तिनेच ढकललं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चिंगूने बॅटरीची रिकामी डबी हळूच पाठीमागे लपवली.

स्क्रू सैल करून तिने चुंबक संवेदकासमोर आणला, मध्ये करंगळीही शिरणार नाही इतका जवळ, आणि पुन्हा आवळला. चाक फिरलं, वेग उमटला. तिला इतका आनंद झाला की तिने चिंगूलाच मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी बोगद्यात शिरताच चिंगूचे उपग्रह हरवले. कॅरिअरवर बसून तो घाबऱ्या आवाजात विचारू लागला, “आपण आहोत तरी कुठे?”

“बोगद्याच्या तोंडापासून तीन किलोमीटर आत,” केतकी ऐटीत म्हणाली.

पलीकडच्या तोंडाशी आबा वाट बघत होते. धापा टाकतच तिने विचारलं, “आबा, सायकल मंगळावर नेली तर हा कॉम्प्युटर तिथे चालेल?”

“चालेल की. चाक फिरतं तिथे फेरे मोजता येतात,” आबा म्हणाले. “फक्त तिकडच्या दसऱ्याला माळ हँडलला बांध.”