गाणं लागलं की ट्रक बंद!

"धूर! आबा, धूर निघून राहिला! गाडी थांबवा!"

दीप्ती केबिनमधून ओरडली, पण थांबवायची वेळच आली नाही. ट्रकने दोन-चार आचके दिले आणि लकडगंजच्या भर रस्त्यात तो स्वतःच उभा राहिला. बॉनेटच्या फटीतून काळा धूर येत होता. मागे चढवलेले भाताचे रिकामे गंज, म्हणजे मोठाली पातेली, धडाधड एकमेकांवर आदळले. टपावरच्या भोंग्यातलं गाणं अर्ध्यावर तुटलं.

आनंदराव आजोबांनी, म्हणजे दीप्तीच्या आबांनी, घाईघाईने उतरून बॅटरीची वायर काढली, तसा धूर कमी झाला. पण आबांचे हात थरथरत होते. ते हात असे थरथरताना दीप्तीने कधी पाहिलेच नव्हते!

पेट्रोलवर चालणारा हा म्हातारा ट्रक म्हणजे आबांचा जीव की प्राण. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गावोगावची माणसं येतात. त्यांच्यासाठी वस्ती मिळून स्वयंपाक करते आणि गंज घेऊन जायचा मान याच ट्रकचा. तो दिवस उद्यावर आला होता.

मागच्या फळीवरून विक्कीकाकाने उडी मारली. आबांचा हा धाकटा मुलगा म्हणजे वस्तीचा हौशी माणूस. निळे झेंडे, रोषणाई, भोंगे, सगळं त्याच्याकडे.

"मी म्हटलं नव्हतं का, बाबा? काल गांधीबागेत बंद पडली, आज धूर! तुमचा हात नाही बसत आता. इंजिन तापवता तुम्ही! भंगारवाल्याले फोन करतो, सायंकाळी घेऊन जाते तो."

दीप्ती केबिनमधून उडी मारून खाली आली. भंगारात? आबांचा ट्रक?

आता आबा कडाडणार, असं तिला वाटलं. पण त्यांनी मान खाली घातली. "असंल गा. वय झालं माह्यं," असं पुटपुटत त्यांनी खिशातली किल्ली काढून काकाच्या हातात ठेवली आणि ते फुटपाथवर जाऊन बसले. दीप्तीला रडूच कोसळलं.

"रडतेस काहून वं?" तिची मैत्रीण प्रीती म्हणाली. सुट्टी लागल्यापासून प्रीती आणि शेजारचा गौरांग ट्रकमध्येच मुक्काम ठोकून होते. "मले एक सांग. काल गाडी कधी बंद पडली?"

"गांधीबागेत. काकाने गाणं लावलं न्..." दीप्तीने डोळे पुसले. "अगं, आजही गाणं लागल्यावरच!"

"आणि सकाळी?" गौरांग उसळून म्हणाला. "सकाळी भोंगे बंद होते, तर गाडी कशी मस्त पळत होती! म्हणजे ट्रकला गाणं आवडत नाही!"

"हा काय चेष्टेचा टाइम आहे का बे!" प्रीती ओरडली.

पण चेष्टा नव्हती ती! तिघं धावत आबांकडे गेले. "आबा, बॅटरीची वायर काढलेलीच आहे. आम्ही नुसतं पाहू?" आबांनी हाताने 'पहा' अशी खूण केली.

बॉनेट उघडताच जळक्या रबराचा भपकारा आला. पेट्रोलच्या पंपाकडे जाणारी एक वायर कोळशासारखी काळी पडली होती. तिच्या टोकाशी निळ्या चिकटपट्टीचा गोळा होता. गोळ्यातून एक कोरी लाल वायर निघून वर गेली होती. दीप्ती बोटाने तिचा माग काढत निघाली. खिडकीजवळून वर, टपावरून मागे, फळीवर. आणि शेवट कुठे? विक्कीकाकाच्या भोंग्यांच्या मशिनमध्ये!

तिला सायकल शिकवणारा काका? त्याने आबांची गाडी जाळली, आणि वर दोष आबांना?

सांगावं की गप्प बसावं? तिने फुटपाथकडे पाहिलं. आबा अजून खाली मान घालून बसले होते.

"आबा, तुम्ही इंजिन नाही तापवलं!" ती मोठ्याने म्हणाली. पाय लटपटत होते, तरी थांबली नाही. "काकाने भोंग्याचा करंट पंपाच्या वायरीतून घेतला. तिले तेवढं झेपलं नाही. ती जळली!"

काकाचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाजूच्या वस्तीच्या ट्रकपेक्षा आवाज मोठा पाहिजे होता..." तो चाचरला. "जवळ सापडली तिथं जोडली. थांब, आत्ता टाकतो नवीन! ही पहा, चांगली जाडी तांब्याची वायर!"

"नको!" गौरांग किंचाळला. जळक्या वायरच्या न जळलेल्या तुकड्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती. त्याने ती वाचली, "रेझिस्टर वायर. कापू नका, जोड देऊ नका." मग म्हणाला, "ही वायर करंट अडवून पंपाला बेताचाच देते. जाडी वायर टाकली तर सगळाच जाईल आणि पंपही जळेल!"

आबा ताडकन उठले. "बरोबर बोलला पोट्टा! अन् लांबीही तेवढीच पाहिजे. आखूड झाली तर कमी अडवते. मोज वं, दीप्ती!"

दीप्तीने वेणीची रिबन सोडून जुन्या वायरवर ताणली आणि टोकाला गाठ मारली. सुट्या भागांच्या दुकानदाराने तशीच वायर गाठीपर्यंत मोजून दिली. आबांनी नव्या वायरची टोकं सोल्डरने झाळली नाहीत, पक्कडीने चिमटून बसवली. झाळण उष्णतेने वितळतं, आणि ही वायर तर गरम होणारच. काकाने लाल वायर मुकाट्याने उपटली.

तेवढ्यात काकाने फोन करून बोलावलेला भंगारवाला आलाच! "कुठं आहे माल?"

काकाने किल्ली आबांच्या हातात परत दिली. "बाबा, चुकलो. तुम्हीच लावा."

आबांनी बॅटरीची वायर जोडली आणि किल्ली फिरवली. एक क्षण काहीच नाही! मग टाकीतला पंप हलकेच गुणगुणला आणि इंजिन गरजलं.

"याले भंगार म्हणते कोण?" भंगारवाला तोंडाचा आ वासून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गर्दीतून ट्रक हळूहळू निघाला तेव्हा भोंगे घरीच होते. गंज सांभाळत बसलेल्या बाया स्वतःच गात होत्या आणि काका त्यांना टाळ्यांची साथ देत होता. वस्तीचे लोक वायर शोधल्याबद्दल पोरांची पाठ थोपटत होते.

आबांनी मात्र वायरचं नावही काढलं नाही. ते दीप्तीला जवळ घेऊन म्हणाले, "काल तुहे पाय लटपटून राहिले होते, मले दिसलं. तरी माह्यासाठी खरं बोललीस."

त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता. तो आता जराही थरथरत नव्हता.