थांगयुआनची वर उचललेली मान

"तुमच्या जॅकेटमध्ये कोणीतरी शीळ घालतंय," तो म्हणाला.

पावसाने आम्हा दोघांना टोफूच्या दुकानापुढच्या एकाच छपराखाली आणून उभं केलं होतं. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्याने "आम्ही साप बघत नाही" म्हणून मला नुकतंच परत पाठवलं होतं. आता ताइनान शहरात आणखी कुठे जायचं ते मला सुचत नव्हतं. मी जॅकेटची चेन वर ओढली.

"फोन आहे."

"मग फोनला दम लागलाय. छोटा अजगर ना?"

मी वळून पाहिलं. केस ओले, हातात गोड टोफूची वाटी, आणि नजर... माझ्यावर नाही, जॅकेटखालून डोकावत हलणाऱ्या कापडी पिशवीवर.

"मी लियाओ. पलीकडच्या गल्लीत माझा दवाखाना आहे. साप, सरडे, कासवं. देवाने तुम्हाला बरोबर टोफूपाशी आणून सोडलंय."

देवाचं नाव घेणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहत होते. मी माझं नाव सांगितलं, जिंग-रु, आणि त्यांच्यामागे निघाले.

थांगयुआन हे तांदळाच्या गोड गोळीचं नाव. आमचा अजगर तसाच गोळा होऊन बसायचा, म्हणून बाबांनी ते त्याला दिलं. दवाखान्याच्या टेबलावर मात्र तो गोळा होत नव्हता. लियाओंनी हलकेच त्याचं तोंड उघडलं. आत चिकट लाळेची तार, नाकपुडीवर बुडबुडा.

"फुप्फुसात संसर्ग आहे. आधी गारठा लागला असणार. वेळेत आलात की नाही, ते आज नाही सांगता येणार." त्यांनी वर पाहिलं. "हा मान अशी उंच धरून बसतो का?"

"हो. तोंड उघडं ठेवून. बाबा म्हणतात, देवाकडे बघतो. शेजारीपाजारी त्याच्यापुढे फळं ठेवून जातात."

"देवाकडे?"

"त्याची पेटी देव्हाऱ्याखाली आहे. श्वानथिएन देवाच्या पायाशी साप असतोच, म्हणून बाबांनी आमचाही तिथे ठेवला. आई गेल्यापासून बाबा दोन्ही वेळा उदबत्त्यांचा जुडगा लावतात आणि तिथेच बसून त्याच्याशी बोलतात. माझ्याशी... हा गेला तर ते कोणाशीच बोलणार नाहीत, डॉक्टर."

त्यांनी थांगयुआनची मान बोटाने हलकेच सरळ केली.

"जिंग-रु, मान सरळ केली की त्याला जराशी जास्त हवा मिळते. म्हणून ती वर असते."

मी टेबलाची कड धरली. म्हणजे आम्ही हात जोडत होतो, आणि तो गुदमरत होता.

त्यांनी मानेच्या जरा मागे पहिलं इंजेक्शन दिलं. "दर तिसऱ्या दिवशी एक. पेटी उबदार ठेवा, खायला घालू नका. पण धूर थांबला नाही, तर माझ्या औषधाने काही होणार नाही."

"बाबा बाजारात गेले की मी पेटी गुपचूप हलवते."

"नको. तो वाचला तरी तुमचे बाबा दुरावतील. मी येतो घरी."

"सापांचे डॉक्टर घरी येतात?"

"सगळ्यांच्या नाही."

घरी बाबांनी डॉक्टरांना चहा ओतला, सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मी रोज त्याला म्हणायचो, बाळा, तुझी भक्ती माझ्याहून मोठी," ते म्हणाले. "पण मी देवाला विचारल्याशिवाय त्याला हलवणार नाही."

त्यांनी देवाचा कौल घ्यायचे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे ओंजळीत धरले. एक उताणा, एक उपडा पडला तर होकार. पेटी हलवू का? तुकडे पडले. दोन्ही उपडे. पुन्हा टाकले. पुन्हा उपडे.

पेटीतून शीळ येत होती... बारीक, तुटक.

"देव नाही म्हणतो, डॉक्टर."

आता हे वाद घालणार आणि सगळं संपणार, असं मला वाटलं. पण लियाओ बाबांशेजारी गुडघ्यांवर बसले. "काका, प्रश्न बदलून विचारायची मुभा असते ना?"

"असते."

"मग पेटीचं नका विचारू. उदबत्ती दारात लावू का, असं विचारा. आकाशातल्या देवाला आपण दारातूनच वाहतो की."

बाबांचे ओठ हलले. एक तुकडा घरंगळत देव्हाऱ्याखाली गेला. आम्ही तिघेही वाकलो, डोक्याला डोकं लागलं, हसलं मात्र कोणी नाही. एक उताणा. एक उपडा.

बाबांनी स्वतः धूपपात्र उचलून दारात नेलं.

तरी थांगयुआन लगेच सुधारला नाही. दुसऱ्या इंजेक्शनला तो आणखी ढिला लागला. लियाओ दर तिसऱ्या दिवशी येत राहिले. बाबा त्याचं अंग धरायचे, मी डोकं.

"घट्ट धरा," लियाओ मला म्हणाले.

"कोणाला?"

"आत्ता त्यालाच."

माझे कान तापले. बाबा छताकडे बघत होते.

आणि मग त्या दुपारी लियाओ दारातून आत येत होते, तोच बाबांची हाक आली. "जिंग-रु... त्याने मान टाकली."

मी धावले. थांगयुआन वेटोळ्यावर डोकं ठेवून पडला होता. तोंड मिटलेलं, हालचाल नाही. लियाओंनी त्याला उचललं, कानाशी धरलं. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. मग त्यांनी त्याला माझ्या कानाशी आणलं.

"ऐका."

मी श्वास रोखला. "काहीच ऐकू येत नाही. शीळसुद्धा नाही."

"तेच ऐकायचं होतं."

तेवढ्यात गालाला त्याची जीभ लागली, गवताच्या पात्यासारखी. बाबा पेटीपाशी बसले, दोन्ही हात जोडून. देवाकडे की डॉक्टरांकडे, मला कळलं नाही.

"आजचं इंजेक्शन?" मी डोळे पुसत विचारलं.

"शेवटचं गेल्या वेळीच झालं."

"मग आज बॅग घेऊन...?"

"बॅगेत काही नाही. रिकाम्या हाताने यायला धीर होत नव्हता." ते बॅगेच्या बंदाशी चाळा करत राहिले. "तो बरा होईपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तो गेला असता, तर तुम्ही माझ्याकडे कशा नजरेने पाहिलं असतंत... त्याची भीती वाटायची. तुम्ही मला आवडता, जिंग-रु."

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले होते. आतून त्यांचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी सापाविषयी नाही, माझ्यासाठी. "पोरी, डॉक्टरांना विचार, कोळंबी खातात का."

"बाबा विचारतायत, कोळंबी खाता का," मी म्हटलं.

"आणि तुम्ही काय विचारताय?"

"मी काही विचारत नाहीये. तिसरा वाडगा मांडतेय... माझ्या शेजारी."