सिंधूकडं नको

“शेवटी काढलंसच ना माझ्या अव्वाला घराबाहेर!”

नणंद प्रियदर्शनीताई हे बोलल्या ते स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून, आणि बाहेर बसलेल्या पाहुण्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात. सिंधू चहा गाळत होती. मान वर न करता तिने पुढचा कप भरला. बोलणार तरी काय? कमरेचा पट्टा पदराखाली झाकलेला होता, आणि झाकलेलं दुःख कुणाला दिसतं!

“करायचं नसलं की कंबर दुखतीच,” ताई पुढे म्हणाल्या. “नाचता येईना अंगण वाकडं!”

सिंधूच्या सासूबाईंना, नीलम्माबाईंना, अर्धांगाचा झटका येऊन सात वर्षं झाली होती. डावं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. तेव्हापासून बिलोलीच्या या घरात त्यांना उठवणं, न्हाऊमाखू घालणं, कुशीवर वळवणं, भात कालवून घास भरवणं, सगळं सिंधूने केलं. लेक प्रियदर्शनी आणि धाकटा मुलगा श्रीशैल लातूरला. ते सणावाराला येत, अव्वाचा, म्हणजे आईचा, हात हातात घेऊन रडत, मोबाइलवर फोटो काढत आणि दिवेलागणीच्या आत परत जात. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं. फक्त त्या प्रेमाला कधी बेडपॅन उचलावं लागलं नव्हतं!

मग सिंधूचा मणका सरकला. नांदेडच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, यापुढे जड उचललं तर स्वतःचेच पाय गमावून बसाल. नवऱ्याने, गुरुलिंगने, ते मान खाली घालून भावंडांना सांगितलं. तो शाळेत मास्तर. वर्गात आवाज चढवणारा हा माणूस बहिणीपुढे मात्र मुका व्हायचा. ताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, श्रीशैलच्या घरी दोघंही नोकरीवर. राहता राहिलं केअर सेंटर.

दोन ठिकाणं बघितली. एक लातूरचं, काचेच्या दाराचं, प्रत्येक खोलीत एसी आणि भिंतीवर कॅमेरा. दुसरं नांदेडजवळ, विष्णुपुरीच्या वाटेवर, रंगाचे पोपडे उडालेलं. ताई आणि श्रीशैल फरशी बघत होते, पडदे बघत होते. सिंधू मुद्दाम जेवणाच्या वेळी गेली आणि म्हाताऱ्यांच्या टाचा बघत फिरली. लातूरला टाचा लाल होत्या, म्हणजे कुणी वेळेवर कूस बदलत नव्हतं, एका आजोबांच्या पाठीवरचा व्रण उघडा होता, आणि पाण्याचा ग्लास टेबलावर, हात पोचणार नाही असा ठेवलेला. विष्णुपुरीला राजकन्या नावाची बाई एका आजीशी धर्माबादच्या मिरचीबद्दल वाद घालत घालत तिला दहीभात भरवत होती. आजी भांडत होती आणि गिळत होती! सिंधूचं मन तिथंच ठरलं, आणि घरी येऊन तिने सासूबाईंनाही ते सांगितलं.

“वहिनी, त्या पडक्या ठिकाणी?” श्रीशैल हसला. “तुम्हाला बिलोलीहून जवळ पडतं म्हणून व्हय?”

लातूरच ठरलं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्यातून झाला. हे घर लिंगायतांचं, आणि सिंधू मराठ्यांची. गुरुलिंगने हट्टाने तिच्याशी लग्न केलं तेव्हा नीलम्माबाईंनी तिला घरात घेतलं, चूल तिच्या हाती दिली, पण आपल्या गळ्यातल्या चांदीच्या डबीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, “सगळं तुझं. ह्याला मातर हात लावायचा न्हाई, अन् ह्याच्याबद्दल बोलायचं पण न्हाई!” त्या डबीत त्यांचं इष्टलिंग. ते तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय त्यांनी जन्मात अन्न तोंडात घातलं नव्हतं. डावा हात लुळा पडल्यावर रोज सकाळी गुरुलिंग ती पूजा करवून घेई. सिंधू विभूती आणि बेल ठेवून उंबऱ्याबाहेर उभी राही. जिच्या देहाचा कण न् कण ती धूत होती, तिच्या देवापासून मात्र ती दूर... किती दूर! दीक्षा घेण्याचा विषय तिने एकदा काढला होता. सासूबाईंनी तोंड फिरवलं होतं.

लातूरला भरती करताना सिंधूने सिस्टरला सगळं सांगितलं. कोणत्या कुशीवर किती वेळ, भात किती मऊ, कोणत्या औषधाने पोट बिघडतं... आणि लिंगापाशी येऊन तिची जीभ अडली. तो विषय तिचा नव्हता! तिने नवऱ्याकडे पाहिलं. गुरुलिंगला वाटलं, ताई बोलल्या असतील. ताईंना वाटलं, लातुरात हे काय सांगायचं, इथं लिंगायत काय थोडे आहेत? श्रीशैल एसीचा रिमोट तपासत होता. तिघं पोटची लेकरं आणि एक सून. पण ते एक वाक्य कुणाच्याच तोंडून निघालं नाही.

पेशंट रुळावा म्हणून पहिले पंधरा दिवस नातेवाइकांनी यायचं नाही, असा तिथला नियम. लवकरच फोन यायला लागले. आजी जेवत नाहीत, घास थुंकतात, पाणीसुद्धा घेत नाहीत, सलाईन लावलंय, आता नळी घालावी लागेल.

“तिनंच लाडावून ठेवलंय,” ताई म्हणाल्या. “तिच्याबिगर कुणाच्या हातचं खाऊ नये अशी सवय लावली!”

सिंधूने नियम मोडला. गुरुलिंग परीक्षेच्या कामावर होता. ती एकटीच एसटीने निघाली आणि धक्क्याधक्क्याला ओठ चावत लातूरला पोचली.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. गाल आत गेलेले, ओठांना भेगा. आणि गळा मोकळा!

“सिस्टर... ह्यांच्या गळ्यातलं कुठाय?”

“दागिना ना? लॉकरमध्ये. अंगावर चांदी-सोनं ठेवत नाही आम्ही.” सिस्टर तशी भली पोरगी होती. “आजी सारख्या गळ्याकडं बोट दाखवत होत्या, म्हणून घशाचं औषधपण चालू केलंय.”

घशाचं औषध! सिंधूला हसावं की ऊर बडवावं ते कळेना. सिस्टरने प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली डबी आणली. सिंधूने पदर पसरून ती झेलली, बोट लागू दिलं नाही. तिने गुरुलिंगला फोन लावला. त्याला पोचायला संध्याकाळ होणार होती.

नीलम्माबाईंनी उजवा हात पुढे केला.

“दे...”

“ह्यांना यू द्या, आत्याबाई. मी कशी...”

“तूच... दे!”

सिंधूने हात धुतले. पदराने डोळे पुसले, पुन्हा हात धुतले. डबी उघडून लिंग त्या निर्जीव डाव्या तळहातावर ठेवलं आणि तो तळहात खालून आपल्या दोन्ही हातांनी तोलून धरला. विभूती नव्हती, बेल नव्हता. नुसतं पाणी होतं, आणि दोघींचे डोळे त्यात भर घालत होते! पूजा झाली. मग सिंधूने पेज मागवली. नीलम्माबाईंनी वाटीभर पेज घेतली, निमूट, लेकरासारखी.

“सांगितलं... न्हाईस?” त्या पुटपुटल्या.

“माझ्या तोंडानं कसं सांगू? तुम्हीच तर...”

सासूबाईंनी डबीवरची नजर तिच्याकडे वळवली. “माझीच... चूक गं.”

सिंधूला हुंदका आवरेना. “चला घरी. मी करते सगळं! मला काय बी होत न्हाई.”

सासूबाईंनी मान हलवली. त्यांचा चांगला हात सिंधूच्या पदराखाली गेला, कमरेच्या पट्ट्यावर थांबला, आणि दुखऱ्या जागेवरून हळूहळू फिरत राहिला. सात वर्षांत त्या हाताने सिंधूला प्रथमच कुरवाळलं होतं.

संध्याकाळी तिघं भावंडं आली. झालेली चूक कळल्यावर आधी सिस्टरवर आरडाओरडा झाला, मग एकमेकांवर. शेवटी इथून हलवायचं ठरलं.

“मी घरी नेते,” सिंधू म्हणाली.

“आता नेते!” ताई कडाडल्या. “अव्वा, तूच सांग. कुठं राहायचं तुला?”

नीलम्माबाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. जड जिभेने एकेक शब्द ओढून काढला.

“इष्णुपुरी... सिंधूकडं... नको.”

मग ताईंच्या तोंडावर जे उमटलं, ते सिंधू कधी विसरणार नव्हती.

“ऐकलंस? सात वर्षं काय भोगलं असंल माझ्या अव्वानं!”

“ताई, तसं न्हाई हो! माझ्या कमरेपायी त्या...”

“पुरे! परत कंबर!”

गुरुलिंग खिडकीबाहेर बघत होता. तोसुद्धा! सिंधूने पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी तिची बोटं घट्ट दाबली. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. पोरीला हे सोसावं लागेल हे त्यांना कळत होतं, आणि कळूनही त्यांनी ते केलं होतं. जास्तीचे शब्द जिभेत नव्हते, आणि असते तरी कारण कुणी मानलं नसतं. लेकीने ते अश्रू पाहिले, आणि त्यांचाही आपल्याला हवा तोच अर्थ लावला.

बिलोलीत बातमी त्यांच्या आधी पोचली. भावकीतल्या बायका आता सिंधूला कार्यक्रमात पुढं बोलवत नाहीत. विष्णुपुरीला रोजची पूजा राजकन्याबाई करवून घेतात. नीलम्माबाईंनी त्यांना हात लावू दिला आहे. पण सोमवारी मात्र त्या कुणाच्याही हातून पूजा घेत नाहीत. उपाशी थांबतात, दाराकडे बघत.

परवाच्या सोमवारी बसस्टँडवर शेजारच्या एका बाईने सिंधूला गाठलं. हातातल्या पिशवीत बेलाची पानं बघूनही तिने विचारलंच, “काय गं, सासू तुझ्याकडं यायला न्हाईच म्हणती म्हणं? सगळ्यांदेखत बोलली?”

“हाव,” सिंधू म्हणाली. “सगळ्यांदेखत बोलल्या.”

आणि दांड्याला धरून, कंबर सांभाळत, ती नांदेडच्या गाडीत चढली.