काळा टायर, भाग चार

मिस्त्री काका गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढून उलट्या क्रेटवर बसले, की आम्ही पोरं समजतो, आज गोष्ट आहे. गेल्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, रात्री अकरानंतर, त्यांनी 'माझ्या ओळखीच्या एका पोराची' गोष्ट सांगितली. तो पोरगा मी. बाकीच्यांना ते माहीत नव्हतं. मी टायरच्या ढिगामागे बसलो होतो. काकांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार.

"काळा टायर बघितलाय का रे?"

"कितवा, काका? पहिल्यात व्हिलन दरीत पडून मरतो."

"दुसऱ्यात त्याचा जुळा भाऊ येतो."

"तिसऱ्यात कळतं की तो मेलाच नव्हता, झाडाला लटकला होता!"

"दोन वर्षं? अरे, कुणीतरी उतरवायचं की त्याला खाली."

सगळे खिदळले. काकाही हसले.

"त्या सिनेमात कुणाला मरायची परवानगीच नव्हती," ते म्हणाले आणि सांगू लागले.

"हिरोला बाइक चालवता येत नव्हती. हेल्मेट घालून चालवायचा तो या पोराचा दादा. बाइकचं काम माझ्याकडे असायचं, म्हणून मी तिन्ही भागांना हजर. पडल्यावर उठायचं आणि अंगठा दाखवायचा, ही दादाची रीत. अंगठा दिसला की आम्ही श्वास सोडायचो. तिसऱ्या भागाच्या शेवटी खाणीच्या वळणावर बाइक घसरली. दादा पडला. अंगठा काही दिसला नाही."

काकांनी क्रेट जरा पुढे ओढला.

"तो शॉट तिसऱ्या भागात घातला नाही. पैसे घालणारा शेठ म्हणाला, बरं दिसत नाही. पण फेकलाही नाही. अशा सिनेमात काहीच फेकत नाहीत. जुना शॉट पुढच्या भागात डकवायचा, हीच रीत.

"पुढे काही महिन्यांनी आईने धाकट्याला सांगितलं, दादाचं जॅकेट आणि हेल्मेट शेठच्या ऑफिसात आहे. जा, घेऊन ये. घरात असू दे. पोरगा गेला. शेठने चहा मागवला. म्हणाला, भाग चार काढतोय, दादाचा तो पडण्याचा शॉट वापरायचाय. हिरो पडतो आणि उठतो. पडलेला आहे आपल्याकडे. उठलेला नाही. तुझी चण तीच. जॅकेट तेच घालायचं. पडायचं नाही, नुसतं उठायचं."

"आणि तो हो म्हणाला?"

काकांनी हातातलं फडकं झटकलं. "पोस्टरवर तुझी पाठ येईल, म्हणाला शेठ. पोरगं चहा संपायच्या आत हो म्हणालं. घरी सांगितलं, जॅकेट हरवलं."

"नालायक!" माझ्या पुढ्यात बसलेला म्हणाला.

मी टायरच्या खाचेतला खडा नखाने उकरत होतो. नख मोडलं तरी उकरत होतो. कारण तो शब्द सगळ्यांनी मिळून म्हटला असता तरी खोटा ठरला नसता. जॅकेट घालून मी आरशात स्वतःला दोनदा पाहिलं होतं. छान दिसत होतो.

"हेल्मेटचं बक्कल दुसऱ्या भागातच तुटलेलं," काका पुढे म्हणाले. "शेठने नवं आणलं नाही. दादा पट्ट्याला गाठ मारायचा. त्याची एक वेगळीच गाठ होती. धाकट्याच्या बुटांना लहानपणी तीच मारायचा. धाकट्याला कधी जमली नाही. शूटिंगच्या रात्री त्याने पट्टा नुसता आत खोचला. मी पाहिलं होतं... हे लक्षात ठेवा.

"तेच वळण. बाइक आडवी टाकली. पोरगा शेजारी पालथा झोपला. धूर सोडला. डायरेक्टर ओरडला, ॲक्शन!"

शटरखालून वारा आला. दिवा हलला. एकाने पाय जवळ घेतले.

"पोरगा मला नंतर म्हणाला... काका, अंग हललंच नाही. डांबर गार. डोळ्यांपुढे खडी. आणि पाठीवर हात. दाबणारा नाही. लहान पोराला झोपवताना ठेवतात ना... तसा."

"मग?"

"मग त्याला बूट दिसले. त्याच्या अगदी शेजारून उठले."

"कुणाचे?"

काकांनी शटरकडे पाहिलं.

"मी मॉनिटरपाशी होतो. मी पाहिलं. उठला. गुडघा झटकला. बाइक उचलली. मग धुरात वळून... अंगठा."

काकांनी आपला अंगठा वर केला. मग तो मुठीत घेतला.

"टाळ्या पडल्या. कट. धूर निवळला. बाइक स्टँडवर उभी. आणि पोरगा... पालथाच. होता तिथेच. डायरेक्टर म्हणतो, अरे ऊठ, झकास झालं, परत कशाला झोपलास?"

काका क्रेटवरून उठले.

"मी धावलो. हेल्मेट काढायला गेलो. निघेना. हनुवटीखाली गाठ. तीच. सुटेना. शेवटी पक्कडीने पट्टा कापला."

काकांनी टेबलामागच्या खिळ्याला अडकवलेला, गाठ असलेला पट्ट्याचा काळा तुकडा काढला. तो हातोहात फिरला. एकाने नखं लावली, एकाने दात.

"सुटत नाही, काका. थापा मारताय ना?"

"मारतो की. धंदाच आहे माझा."

तुकडा माझ्याकडे आला. मी तो परत दिला नाही. कुणी मागितलाही नाही. पोरं निघाली तेव्हा काकांनी टेबलाखालून एक पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली. जॅकेट होतं.

"हे कुणाच्या तरी घरी जायचं राहिलंय," ते म्हणाले. "जाता जाता टाकशील?"

आई जागी होती. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. शेठ, चहा, आरसा, वळण, सगळं. गालावर बसेल म्हणून मान खाली घालून उभा होतो. तिने मारलं नाही. जॅकेट घेतलं, बाह्या सरळ केल्या, घडी घातली. मग तो तुकडा मी तिच्या हातावर ठेवला.

आई दिव्याखाली गेली. लहानपणी माझे बूट काढताना रोज संध्याकाळी हीच गाठ तिला सोडवावी लागायची. ती सुई घ्यायची आणि दादाला शिव्या घालायची. आता तिने गाठ बोटांत फिरवली. पुन्हा फिरवली.

"त्याचीच," ती म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"उठला म्हणतोस... लागलं नव्हतं ना रे त्याला?"

"नाही, आई."

तिने मान हलवली. सुई काढली आणि गाठीपाशी नेली. बराच वेळ तशीच धरून बसली. मग सुई ठेवून दिली.

तो तुकडा आता तिच्या सुईदोऱ्याच्या डब्यात आहे. गाठ अजून तशीच.